पहिलीत जाणाऱ्या मुलाची भावनिक तयारी आणि त्यातला घराचा वाटा

एका आईवडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, मोठ्या शिशुगटात जातो आणि येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. त्याला मुळाक्षरे वाचता येतात, शंभरापर्यंत अंक म्हणता येतात आणि घरी तो भरपूर बोलतो. मात्र शाळेच्या दारात तो आजही आईची ओढणी सोडत नाही, दुसऱ्या मुलाच्या हातातली वस्तू हिसकावून घेतो आणि खेळात हरला की पट उधळून देतो. ‘हा अजून पहिलीसाठी तयार नाही,’ असे शिशुगटाच्या बाईंनी सांगितल्यापासून घरात काळजीचे वातावरण आहे. आईवडील दोघेही नोकरी करतात, घरी आजी असते. त्याला आणखी एक वर्ष शिशुगटातच ठेवावे का, व्यक्तिमत्त्व विकासाचा एखादा वर्ग लावावा का आणि घरी आम्ही नेमके काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट मनापासून सांगते. तुम्ही वर्णन केलेले मूल हे बिघडलेले मूल नाही. निराशा गिळता न येणे, हवी ती वस्तू ओढून घेणे आणि आईपासून सुटताना जीव कासावीस होणे, या तिन्ही गोष्टी मी बालवाडीच्या ३१ वर्षांच्या कामात दरवर्षी, प्रत्येक वर्गात पाहिल्या आहेत. तरीही बाईंचे म्हणणे उडवून लावू नका. त्यांनी जे पाहिले ते खरे आहे. फक्त त्यावरचा उपाय शिकवणीच्या वर्गात सापडणार नाही. मुलाला एकट्याने स्वतःला सावरता येण्यापूर्वी कुणाच्या तरी सोबतीने सावरता यावे लागते आणि सोबत देणारे ते माणूस आपला शब्द पाळणारे आहे, याची त्याला खात्री असावी लागते. शाळेसाठीची भावनिक तयारी बहुतांशी या दोन गोष्टींतून घडते आणि त्यांची पहिली जागा घर हीच आहे.

जूनमधल्या पहिलीच्या वर्गाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. म्हणजे नियम पूर्ण पाळला गेला तरी एका बाईंच्या वाट्याला तीस मुले येतात. त्यात काही मुले नुकतीच सहा वर्षांची होणार असतात, तर काही जवळजवळ सात वर्षांची झालेली असतात. अशा वर्गात बाईंना पहिल्या दिवशी मुळाक्षरे येणाऱ्या मुलाची गरज नसते, कारण अक्षरे शिकवणे हे त्यांचे कामच आहे आणि ते त्यांना उत्तम जमते. त्यांना हवे असते ते आईचा हात सोडल्यावर काही वेळाने का होईना शांत होणारे मूल, लघवीला लागली हे सांगू शकणारे, आपली पाळी येईपर्यंत थांबणारे, ‘मला दे’ असे म्हणून वस्तू मागणारे आणि ‘आत्ता नाही’ हे ऐकून घेणारे मूल. राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात जे मेळावे भरतात, त्यांत शारीरिक, बौद्धिक, भाषिक आणि गणनपूर्व तयारीच्या टेबलांबरोबर सामाजिक आणि भावनिक विकासाचे स्वतंत्र टेबल मांडलेले असते, ते यासाठीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि पहिलीच्या सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारी करून घेण्याची सोय सुचवली आहे. त्यामुळे अक्षरांची घाई आता पूर्णपणे बाजूला ठेवा. तुमच्या मुलाकडे ती पुंजी गरजेपेक्षा जास्तच आहे.

आता शाळेच्या दारातल्या रडण्याकडे वळते, कारण तिथले गणित बरोबर बसले की बाकीच्या अनेक गोष्टी सोप्या होतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही शिक्षिकाच पालकांना सांगत असू, की मूल खेळण्यात गुंतले की तुम्ही हळूच निघून जा. हा सल्ला चुकीचा होता आणि तो मी बऱ्याच पालकांना दिला, याची मला आजही खंत वाटते. तो चुकीचा आहे हे मला एका चार वर्षांच्या मुलीने दाखवून दिले. पहिल्या दिवशी ती लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत बसली होती. आई पाठमोरी होऊन निघून गेली. मुलीने मनोरा पुरा केला, दाखवायला मागे वळली आणि जागा रिकामी होती. त्यानंतर सुमारे तीन आठवडे ती मुलगी भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे करून बसे. पायातल्या चपला काढायची नाही, दप्तर खांद्यावरून उतरवायची नाही, ठोकळ्यांकडे तर ढुंकूनही बघायची नाही. तिने रडणे थांबवले होते, म्हणून आम्ही समजत होतो की ती रुळली. वास्तविक ती पहारा देत होती. आपण खेळात रमलो की आपले माणूस नाहीसे होते, असा धडा तिला मिळाला होता, त्यामुळे तिने रमणेच सोडून दिले होते.

मग आम्ही आईला वर्गात बोलावले. आईने रोज दहा मिनिटे मुलीजवळ बसायचे, जाण्यापूर्वी तिच्या डोळ्यांत बघून ‘डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की मी येते’ असे सांगायचे, ती रडत असली तरी एकदाच जवळ घेऊन निघायचे आणि गोष्ट संपताना दारात हजर असायचे, असे ठरले. पहिले दोन दिवस रडणे वाढले. आई घाबरून म्हणाली, की आधीचेच बरे होते. तिसऱ्या दिवशी रडणे जरा लवकर आटोपले. पाचव्या की सहाव्या दिवशी गोष्ट सुरू असताना त्या मुलीने आपल्या चपला काढल्या आणि त्या भिंतीशी नीट लावून ठेवल्या. त्या चपला बघून मला जो आनंद झाला, तो नंतर कुठल्याही निकालपत्रकाने दिला नाही.

या अनुभवाला जुळणारा एक प्रयोग पुढे माझ्या वाचनात आला. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांबरोबर तो केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुलांना चित्र काढायला बसवून सांगितले गेले, की जरा थांबलात तर याहून चांगले रंग आणून देऊ. निम्म्या मुलांना खरोखरच ते रंग आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना ‘माफ कर, रंग शिल्लक नाहीत’ असे सांगितले. त्यानंतर सगळ्यांसमोर एक गोड खाऊ ठेवला आणि पंधरा मिनिटे थांबलात तर दोन मिळतील असे सांगितले. ज्यांना आधी दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना दिलेला शब्द मोडला गेला होता, ती सरासरी तीन मिनिटांतच थांबेनाशी झाली. आपण ज्याला मुलाचा संयम म्हणतो, त्यात आसपासच्या मोठ्या माणसांच्या वागण्याचा हिशेबही असतो. मोठी माणसे सांगितले तसे करत नसतील, तर समोर आहे ते ताबडतोब हातात घेणे हेच शहाणपणाचे ठरते. तुमचा मुलगा वस्तू हिसकावतो तेव्हा त्याच्या मनात हा हिशेब चालू आहे का, हे जरा तपासून पाहा.

म्हणून घरी पहिली सुरुवात शब्द पाळण्यापासून करा. आपल्या घरांमध्ये मुलांना दिवसातून कितीदा खोटे सांगितले जाते, हे एक दिवस कागदावर मांडून पाहिले तर आपल्यालाच धक्का बसेल. ‘एका मिनिटात आले’ म्हणायचे आणि पाऊण तास फोनवर बोलायचे. ‘सुई अजिबात दुखत नाही’ म्हणायचे. ‘बाजारातून येताना आणते’ म्हणायचे आणि विसरायचे. यातला एकही प्रसंग मोठा नाही, पण मुलाच्या मनात त्यांची बेरीज होत राहते. पाऊण तास लागणार असेल तर पाऊण तास म्हणा. मुलाला घड्याळ कळत नसेल तर ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की’ म्हणा. दुखणार असेल तर ‘थोडे दुखेल, मी हात धरून बसते’ म्हणा. जमणार नसेल तर शब्द देऊच नका. नकार मुलाला पचतो, फसवणूक पचत नाही. त्याचबरोबर घरातल्या सर्वांनी ‘शाळेत गेल्यावर बाई बघतील तुझ्याकडे’ हे वाक्य कायमचे सोडून द्यावे. ज्या बाईंच्या कुशीत त्याने जूनमध्ये रडायचे आहे, त्यांना मार्चपासूनच बागुलबुवा करून ठेवले, तर त्याने दार सोडावे तरी कशासाठी?

आता हरण्याविषयी लिहिते. तुमच्या पत्रातले एक वाक्य मला महत्त्वाचे वाटले: आजी सापशिडी खेळताना मुद्दाम हरते, म्हणजे नातू खूश राहतो. आजींचे प्रेम मी समजू शकते आणि त्यांना दोषही देत नाही. पण त्यामुळे मुलाला हरण्याची सवयच झालेली नाही आणि शाळेत सवंगडी काही त्याच्यासाठी हरत नाहीत. आपल्याकडच्या जुन्या खेळांत यासाठी फार सुंदर सोय होती. गल्लीत मोठी मुले लपाछपी किंवा लंगडी खेळत असताना धाकट्यालाही खेळायचे असे, तेव्हा त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतले जाई. कच्चा लिंबू बाद होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो सगळ्यांबरोबर धावे, लपे, ओरडे आणि मोठ्यांना बाद होताना, चिडताना, भांडताना आणि पुन्हा राज्य घेताना रोज पाहत असे. वर्ष-दोन वर्षांनी तोच म्हणे, ‘मी आता कच्चा लिंबू नाही, माझ्यावरही राज्य येऊ दे.’ हरण्याचा धोका पत्करायला तो आपण होऊन तयार होई. आज गल्ली राहिली नाही, इमारतीच्या वाहनतळात चार मुले जमतात तीही एकाच वयाची, त्यामुळे बाद झालेल्या मोठ्या मुलाला पाहण्याची संधीच मुलांना मिळत नाही. ही उणीव घराला भरून काढता येते.

आजींना सांगा, की चारांतल्या दोन डावांत तरी खरे खेळा. मात्र त्याआधी मोठ्यांनी स्वतः हरून दाखवावे आणि हरताना काय होते ते तोंडाने बोलावे. ‘अरे अरे, नव्व्याण्णवावरून खाली आले. मला फार वाईट वाटले. जाऊ दे, फासा टाक तू,’ इतके पुरे. मग मुलाची सोंगटी सापाच्या तोंडात जाईल, त्याचा चेहरा लाल होईल आणि हात पटाकडे जाईल. तो क्षण फार मोलाचा आहे आणि बहुतेक घरांत तो रागावण्यात वाया जातो. त्या क्षणी त्याच्या हातावर आपला हात अलगद ठेवा. त्याच्या शेजारी, त्याच्या उंचीला येऊन बसा. आवाज नेहमीपेक्षा हळू करा. ‘तुला जिंकायचे होते. हिरमुसलास ना?’ एवढेच म्हणा आणि गप्प राहा. या वेळी उपदेश केला तर तो त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही, कारण तापलेल्या डोक्याला लांब वाक्ये कळत नाहीत; हे मोठ्यांनाही तितकेच लागू आहे. तो रडला तर रडू द्या. श्वास सावरला की विचारा, ‘पट ठेवून देऊ, की पुढचा डाव खेळू?’ त्याने पट उधळलाच, तर रागावू नका, पण सोंगट्या गोळा केल्याशिवाय पुढचा खेळ नाही, हेही ठाम ठेवा आणि गोळा करायला एक हात तुमचाही लावा. भावना स्वीकारायची आणि वागण्याला मर्यादा घालायची, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. पहिल्या दहा वेळा सावरण्याचे काम जवळजवळ सगळे तुमचेच असेल. हळूहळू तो ‘मी हिरमुसलो’ असे स्वतःच म्हणेल आणि पट जागेवर राहील.

भावनांना नावे देण्याविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. मराठीत यासाठी शब्दांची मोठी श्रीमंती आहे: रुसणे, हिरमुसणे, खट्टू होणे, चिडणे, धास्तावणे, ओशाळणे, कावरेबावरे होणे, हेवा वाटणे, चुकल्यासारखे वाटणे. आणि आपल्या मुलांपर्यंत पोहोचतात ते मात्र ‘राग आला’ आणि ‘बोअर झाले’ एवढे दोनच. मला वर्गात असा अनुभव आला, की ज्या मुलाला ‘मी ओशाळलो’ हा शब्द सापडतो, त्याला चुकल्यावर दुसऱ्याला मारावे लागत नाही. हे शब्द पाठ करून घ्यायचे नसतात. तुम्ही स्वतःविषयी बोलताना ते वापरले, की मूल ते उचलते. ‘आज साहेबांनी सगळ्यांसमोर चूक दाखवली, मी जरा खट्टू झालो होतो,’ असे वडिलांनी जेवताना सहज म्हटले, तर त्या एका वाक्याचा उपयोग भावनांची चित्रे छापलेल्या महागड्या तक्त्यापेक्षा जास्त होतो. आणि मुलग्याला ‘मुलींसारखा रडतोस काय’ असे घरात कुणीही, अगदी कौतुकाने चिडवतानाही, म्हणू नये. रडणे बंद केले तरी दुःख जात नाही. ते हातात उतरते आणि मग शेजारच्या मुलाला ढकलण्यातून बाहेर पडते.

काही वेळा आपण ज्याला भावनिक प्रश्न समजतो, तो साधा हाताचा प्रश्न असतो. एक मुलगा रोज मधल्या सुट्टीच्या आधी पाच-दहा मिनिटे रडायला लागे. आईची आठवण येते असे आम्ही आणि घरचे धरून चाललो होतो. एके दिवशी मी त्याच्याजवळ बसून राहिले तेव्हा लक्षात आले, की त्याला डब्याचे घट्ट झाकण उघडत नव्हते आणि ‘उघडून द्या’ असे बाईंना सांगण्याची भीती वाटत होती. आईने डबा बदलला, घरी रोज संध्याकाळचा खाऊ त्याच डब्यातून द्यायला सुरुवात केली आणि रडणे चार दिवसांत थांबले. तुमच्या मुलाला डब्याचे झाकण, पाण्याच्या बाटलीचे टोपण, चड्डीचे बटण आणि बुटाचा पट्टा हे सारे स्वतःच्या हाताने जमते का, ते आधी पाहा. लघवी आणि शौचासाठी तुमच्या घरात जो शब्द आहे, तो बाईंना कळेल असा आहे का, हेही पाहा. घरातला लाडका शब्द वर्गात कुणालाच न कळल्यामुळे कपडे ओले झालेली आणि मग शाळेलाच घाबरलेली मुले मी पाहिली आहेत. ज्याला स्वतःचे स्वतः करता येते, त्याचा धीर निम्मा तिथेच वाढतो. घाईच्या सकाळी आपण बटणे लावून देतो, हे मी समजते. मग सकाळऐवजी संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, त्याला हवा तितका वेळ देऊन ते करू द्या.

तुम्ही दोघेही नोकरी करता, वेळ मिळत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. पण लागणारा वेळ तुम्हाला वाटतो तितका नाही. १९८६-८७ मध्ये जमैकातल्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये सॅली ग्रँथम-मॅग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या १२९ बालकांबरोबर एक काम सुरू केले. यांतल्या काही बालकांच्या घरी एक आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षे जात असे आणि घरीच बनवलेल्या साध्या खेळण्यांनी आईने मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे करून दाखवत असे. वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा ही मुले भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के जास्त कमावत होती. खेळणी महाग नव्हती. आईच्या वागण्यात पडलेला फरक मोठा होता. यातून मी पालकांना एवढेच सांगते, की रोजची वीस मिनिटे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, मूल नेईल तिकडे त्याच्यामागे जाण्यासाठी राखून ठेवा. त्या वेळात काही शिकवू नका. उरलेले काम घरकामातून होते. मटार सोलणे, ताटे मांडणे, कणकेचा गोळा करणे, वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, यांत थांबणे, क्रम पाळणे आणि दुसऱ्यासाठी काही करणे हे सारे आपोआप येते. भातुकलीत त्याला ‘बाई’ होऊ द्या आणि तुम्ही रडणारे मूल व्हा. शाळेविषयी त्याच्या मनात काय आहे ते तुम्हाला तिथे कळेल. ‘स्टॅच्यू’ आणि विषामृत यांसारखे खेळ आवर्जून खेळा. धावता धावता ‘विष’ ऐकल्यावर जागच्या जागी थिजणे आणि कुणीतरी ‘अमृत’ म्हणून सोडवीपर्यंत थांबणे, यात शरीराला आवर घालण्याचा जो सराव होतो, तो ‘शांत बस’ असे शंभरदा सांगून होत नाही.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाविषयी माझे मत स्पष्ट आहे: या वयाला त्याची गरज नाही, तो लावू नका. त्याच पैशांत आणि त्याच वेळात आठवड्यातून दोनदा शेजारची एक-दोन मुले घरी बोलवा, शक्यतो एखादे त्याच्याहून मोठे असलेले. सुरुवातीला जवळ बसा. भांडण झाल्यावर लगेच न्यायाधीश होऊ नका. दोघांनाही आपापली बाजू सांगू द्या आणि ‘आता काय करू या?’ असे विचारा. कट्टी आणि बट्टी ही मुलांची स्वतःची समेटाची पद्धत आहे, तिला वेळ मिळायला हवा.

शाळेत सहभागी होणे याचा अर्थ हल्ली बऱ्याच ठिकाणी मुलाचे प्रकल्प रात्री जागून पालकांनी करून देणे आणि पालकांच्या गटावर संदेश पाठवत राहणे असा झाला आहे. त्यातून मुलाच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा बाईंना पंधरा मिनिटे निवांत भेटा आणि दोन प्रश्न विचारा: ‘तो कुठल्या वेळी जास्त बिथरतो?’ आणि ‘तो बिथरल्यावर तुम्ही काय करता, म्हणजे आम्हीही घरी तेच करू?’ तुम्हाला घरी काय उपयोगी पडते तेही त्यांना सांगा. घर आणि शाळा यांत ये-जा असली, की मूल लवकर रुजते, हे आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी फार आधी ओळखले होते. १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केल्यावर, मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या कल्पनेचे मूळ त्यात आहे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते काम अनेक वर्षे चालवले. मूल आईच्या नजरेसमोर शिकत होते आणि मुलाशी कसे वागावे हे आईही पाहत होती. मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात चाललेल्या पेरी बालवाडीच्या प्रयोगातही शिक्षिका दर आठवड्याला दीड तास मुलाच्या घरी जात असत. तिथल्या मुलांच्या बुद्ध्यंकात झालेली वाढ काही वर्षांत ओसरली, पण मोठेपणी त्यांचे शिक्षण, नोकरी आणि एकंदर आयुष्य इतरांपेक्षा चांगले झाले. जेम्स हेकमन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे मोठे श्रेय बुद्ध्यंकाला न देता स्वभावातल्या आणि वागण्यातल्या बदलांना दिले आहे.

राहिला प्रश्न एक वर्ष मागे ठेवण्याचा. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून मी तसे करणार नाही. वयाच्या नियमात तो बसतो आहे. केवळ रडणे, हिसकावणे आणि हरल्यावर चिडणे एवढ्यासाठी थांबवले, तर त्याच वातावरणात आणखी एक वर्ष जाईल आणि ओळखीचे सवंगडी पुढे निघून जातील, याचा त्याला वेगळा घाव बसेल. जूनपर्यंतचे हे तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे घालवा. मात्र काही गोष्टी आढळल्या तर वाट पाहू नका: हाक मारल्यावर तो बहुतेक वेळा वळत नसेल, घरीही इतर मुलांमध्ये अजिबात रस घेत नसेल, पूर्ण वाक्यात बोलत नसेल, पूर्वी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा शाळा सुरू होऊन दोन महिने उलटल्यावरही रोजचे रडणे जराही कमी झाले नसेल. अशा वेळी प्रथम कानांची तपासणी करून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशी तपासणी मोफत होते. यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही आणि लवकर गेल्याचा फायदाच होतो.

एप्रिलमध्ये शाळेचा मेळावा असेल तर त्याला घेऊन जा आणि तिथे परीक्षा घेतल्यासारखे त्याच्या मागे उभे राहू नका. मे महिन्यात एकदा-दोनदा रिकाम्या शाळेच्या आवारातून फेरी मारून आणा. स्वच्छतागृह, पाण्याची जागा आणि त्याचा वर्ग दाखवून ठेवा. झोपण्या-उठण्याच्या वेळा शाळा सुरू होण्याआधी पंधरा दिवस बदला, आदल्या रात्री नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघांपैकी एकाने रजा काढता आली तर जरूर काढावी; तेव्हाची चार दिवसांची रजा पुढच्या कितीतरी सकाळी वाचवते. निरोपाचे वाक्य आत्ताच ठरवा, ते आजीलाही सांगून ठेवा आणि रोज तेच वाक्य म्हणा. शाळा सुटल्यावर ‘आज काय शिकवले?’ असे लगेच विचारू नका. त्याला पाणी द्या, हात धरून चाला, तो आपण होऊन बोलेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या दिवशी शाळा सुटण्याची घंटा होण्यापूर्वी पाच मिनिटे फाटकाशी, तो बाहेर पडताना त्याची नजर पहिल्यांदा जिथे जाईल अशा जागी, उभे राहा.